माझ्या कातडीचा फोटो

काच मोडायची तर मधोमध मोडावी. दोन्ही बाजूंना सारखं वजन असलं की चीर सरळ जाते. एक बाजू हलकी राहिली की चीर तिकडे वळते आणि काच फुकट जाते. हे मला कोणी शिकवलं नाही. राजापूरकडून ठाण्याला आलो तेव्हा अंगावरच्या सदऱ्याशिवाय जवळ काही नव्हतं. पहिली तीन वर्षं दुसऱ्याच्या दुकानातल्या काचा डोक्यावरून घरोघर पोचवल्या. वाटेत फुटलेल्या काचेचे तुकडे मालक फेकून द्यायला सांगे. ते मी घरी नेऊन त्यांच्यावर हात बसवला. पुढे टेंभी नाक्याजवळ माझं स्वतःचं दुकान झालं. खिडक्यांची तावदानं, आरसे, तसबिरींच्या चौकटी. भाव करण्यात मला कोणी हरवलं नाही. जो एक सौदा हरलो, त्याची हकीकत सासरच्या मंडळींनी कल्याणभर आपल्या सोयीने सांगितली. माझी बाजू कोणी विचारली नाही, म्हणून मीच लिहितो आहे.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. एका संध्याकाळी दुकानात एक बाई आल्या. वय माझ्याच आसपासचं, खांद्याला कापडी पिशवी, पायांत पुरुषी वहाणा. राहायच्या नौपाड्यात, आईबरोबर. नोकरी मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत. त्यांना पाव इंच जाडीची जुनी काच हवी होती. किती मोठी, असं विचारलं तर म्हणाल्या, बोटभर रुंदीच्या पट्ट्या. इतक्या जाड काचेच्या पट्ट्यांचं काय करणार, असं विचारलं तर म्हणाल्या, सुऱ्या.

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. दुकानातल्या फळीवर बसून त्यांनी मला समजावून सांगितलं. त्यांच्याकडे एक नवं यंत्र आलं होतं. साध्या सूक्ष्मदर्शकात उजेडाने बघतात. ह्या यंत्रात विजेच्या कणांचा झोत सोडून बघतात, त्यामुळे कितीतरी पट बारीक दिसतं. कातडीच्या रोगात आत काय होतं ते त्यांना त्यातून पाहायचं होतं. पण झोत आरपार जायचा तर कातडीचा काप इतका पातळ लागतो की पोलादाच्या वस्तऱ्याला तो जमत नाही. काच नीट मोडली तर तिच्या कोपऱ्याला जी धार येते तीच तेवढी बारीक. आणि ती धारही काही तासच टिकते. वापरा नाहीतर नुसती ठेवा, बसल्या जागी जाते.

मी त्यांना एक मोठी काच दाखवली. फोर्टातल्या एका शोरूमची, युद्धाआधीची, बेल्जियमची, असं सांगून वरचा भाव लावला. खरं तर ती कल्याणच्या एका बंद पडलेल्या मिठाईच्या दुकानाची होती. बाईंनी भाव निम्म्यावर आणला, मी पाऊणावर अडलो, त्या उठून रस्त्यापर्यंत गेल्या, मी हाक मारली. पुढच्या आठवड्यात परत आल्या तेव्हा म्हणाल्या, "मिठाईवाल्याची काच छान मोडते हो. कडेला तूप होतं थोडं. आणखी आहे का?"

तेव्हापासून आमचं जमलं. महिन्यातून दोनदा त्या यायच्या, मी पट्ट्या कापून ठेवायचो. त्यांना बोलण्यात गुंडाळता येत नसे, आणि खरं सांगायचं तर तेच मला आवडे.

आता माझ्या डाव्या हाताबद्दल. कोपराखाली रुपयाएवढा एक फिकट डाग होता. शिबं असेल म्हणून मी त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हतो. काचेच्या धंद्यात हाताला रोज कुसळं लागतात. दुकान बंद करून घरी गेलो की बायको कंदील जवळ ओढायची, माझे हात मांडीवर घ्यायची आणि पिनेने एकेक कुसळ काढायची. आमच्या लग्नाला तेव्हा पाच वर्षं झाली होती, मुलगी चार वर्षांची. कुसळं काढताना बायको म्हणायची, "उजवा हात रडका आहे तुमचा. डावा शहाणा, हूं की चूं करत नाही." मुलगी शेजारी बसून काढलेली कुसळं कागदावर रांगेत मांडायची. आम्ही तिघंही त्या शहाण्या हाताला हसायचो.

एकदा बाईंसमोर पट्टी कापत होतो. काच कापायची हिरकणी फिरवली, काच उलटी करून दाब दिला, पट्टी सुटली. बाई म्हणाल्या, "थांबा." मी म्हटलं, काय झालं? फळीवर रक्ताचं थारोळं झालं होतं. डाव्या करंगळीखालचा तळहात चांगला इंचभर चिरला होता आणि मला पत्ता नव्हता. बाईंनी पदराची पिन काढली, मला मान वळवायला सांगितली आणि विचारत गेल्या, इथे लागतं का, इथे लागतं का. मी म्हणत होतो, टोचा तर खरं. त्या टोचतच होत्या.

पुढच्या आठवड्यात त्यांनी मला त्यांच्या ओळखीच्या इस्पितळातल्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी कोपरामागची शीर चाचपली. ती दोरीसारखी जाड झाली होती. डागाच्या कडेचा तांदळाच्या कणीएवढा तुकडा काढून घेतला; त्यातला थोडा बाईंनी आपल्या प्रयोगशाळेसाठी नेला. मग त्यांनी मला बसायला सांगून सरळ सांगितलं की हा महारोग आहे. पण सौम्य प्रकारचा. ह्यात जंतू इतके थोडे असतात की तो दुसऱ्याला लागत नाही. नव्या गोळ्या निघाल्या आहेत, त्या दोन-तीन वर्षं घ्यायच्या. रोग थांबेल, गेलेली संवेदना मात्र परत येईल असं नाही.

ह्यातलं पहिलं वाक्य मला ऐकू आलं. बाकीची नंतर आठवली.

मी बायकोला सांगितलं नाही. गोळ्या दुकानात ठेवल्या. पण तिने पट्टी सोडून जखम पाहिली, पिनेचे ठिपके पाहिले, आणि पुढच्या वेळी माहेरी गेली तेव्हा आईजवळ बोलली. ती परत आल्यावर दोन दिवसांनी सासरे कल्याणहून आले. ते शाळामास्तर होते, नुकतेच निवृत्त झालेले. आले ते उंबऱ्याबाहेरच उभे राहिले, पाणीसुद्धा घेतलं नाही. म्हणाले, मुलीला आणि नातीला काही दिवस नेतो. मी रागाने विचारलं, किती दिवस? तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "जावईबापू, मोठ्या डॉक्टरांचा कागद आणा. काही भीती नाही असा. मी स्वतः दोघींना पोचवायला येईन."

जाताना बायकोने पिनांची डबी कोनाड्यात पुढे, माझ्या हाताला येईल अशी ठेवली.

कागदावर घर परत मिळणार होतं. एवढं मला कळलं होतं आणि बाजारात काय मागायचं ते मला नेहमी कळतं. मी बाईंना गाठलं. त्या म्हणाल्या, त्यात काय, डॉक्टर लिहून देतील: महारोगाचा सौम्य प्रकार, न लागणारा. मी म्हटलं, तो शब्द कागदावर नको. त्या म्हणाल्या, मग कागद खोटा होईल. मी म्हटलं, मग कागद नकोच, मला तुमच्या यंत्राचा फोटो द्या. माझा तुकडा तुमच्याकडे आहेच. एवढं मोठं यंत्र, त्यात जंतू दिसत नाही असा फोटो दाखवला की सासऱ्यांचं तोंड बंद होईल.

"अहो, त्या फोटोला काही अर्थ नाही," बाई म्हणाल्या. "समजा, टेंभी नाक्यावरच्या एका खडीच्या दगडाचा कोणी फोटो काढला. त्यात चोर दिसला नाही, म्हणून ठाण्यात चोर नाही असं म्हणाल का तुम्ही?"

"चोर असता तर त्याचा फोटो तुम्ही छापला असता ना? नाही ना दिसला? मग तेवढंच द्या."

त्या नाही म्हणत राहिल्या. सोपी गोष्ट त्या आपणहून देत होत्या आणि अवघड ती हातची सोडत नव्हत्या. दुकानदार जो माल आपणहून पुढे करतो तो पडून राहिलेला असतो, ही माझी आयुष्यभराची शिकवण. खरा माल आतल्या फडताळात असतो आणि तो मागून, अडून, भांडूनच बाहेर काढावा लागतो. मी अडून बसलो. फोटो नाही तर पट्ट्या नाहीत, असं सांगितलं. त्या म्हणाल्या, बरं, नाहीत तर नाहीत. तेव्हा मी त्यांच्यासाठी कापून ठेवलेल्या पट्ट्यांचा गठ्ठा उचलून जमिनीवर आपटला. दुकानभर काचा झाल्या. बाईंनी पायाजवळच्या काचा वहाणेने बाजूला सारल्या आणि त्या म्हणाल्या, शनिवारी दुपारी प्रयोगशाळेत या.

त्यांना माझी कीव आली होती, असं आता वाटतं. तेव्हा वाटलं, मी जिंकलो.

यंत्र एका बंद काळोख्या खोलीत होतं, माणसापेक्षा उंच, आंघोळीच्या पाण्याच्या बंबासारखं. आधी बाईंनी मला कापण्याचं काम दाखवलं. माझ्याच काचेची सुरी, तिच्या धारेला चिकटवलेला नखाएवढा पाण्याचा हौद. टणक पारदर्शक लाखेसारख्या काहीतरी पदार्थात माझा तुकडा बसवला होता. तो वर-खाली होत धारेवरून जाई आणि पाण्यावर एकेक काप तरंगत येई. सोनेरी आले तर जाड, चंदेरी आले तर बरोबर, असं त्या म्हणाल्या. माझ्या कातडीचे चंदेरी तुकडे पाण्यावर एकामागून एक रांगेने लागले होते. मुलीची कागदावरची रांग आठवली आणि मी दुसरीकडे बघितलं.

मग काळोखात यंत्राच्या तळाशी हिरवा उजेड पडला. समोर जाड काचेचं भोक होतं. डोळे सरावल्यावर दिसले ते धागे. शेकडो, एकमेकांना लागून, काही सरळ, काही वळलेले, आणि प्रत्येकावर एका मापाचे आडवे पट्टे, सारख्या अंतरावर.

"ही कातडीची दोरी," बाई म्हणाल्या. "हिच्यामुळे कातडी ओढली तरी फाटत नाही. ही सगळ्यांची अशीच असते. माझीही."

बायको माहेरी गेल्यापासून मला कोणी आपल्यात धरलं नव्हतं. शेजारच्या शिंप्याने आपल्या दुकानातला पाण्याचा तांब्या आत नेऊन ठेवला होता. मी त्या भोकाला डोळे लावून बराच वेळ उभा राहिलो. बाईंनी घाई केली नाही.

आठ दिवसांनी त्यांनी पाकीट आणून दिलं. म्हणाल्या, "आत फोटो आहे आणि डॉक्टरांचं पत्रही आहे. मराठीत लिहून घेतलंय. आधी पत्र दाखवा. फोटो दाखवलाच नाहीत तरी चालेल." मी मान हलवली. त्या गेल्यावर पत्र वाचलं. त्यात होतं: ह्या गृहस्थांस महारोगाचा सौम्य प्रकार आहे; तो इतरांस लागणारा नाही; औषध चालू आहे; कुटुंबाने एकत्र राहण्यास हरकत नाही. चार ओळी आणि खाली सही. पहिल्याच ओळीत तो शब्द. मी पत्राची घडी करून खणात हिरकणीखाली ठेवलं. फोटोला चांगला पांढरा पुठ्ठा लावला आणि कल्याणला गेलो.

सासऱ्यांनी खुर्ची दिली, तीही दाराशी. मेहुणा घरीच होता. कचेरीत कारकून, पण बोलणं मामलेदाराचं. मी फोटो पुढे केला आणि सांगितलं, मुंबईत जे सगळ्यांत मोठं यंत्र आहे त्याने काढलेला हा माझ्या कातडीचा फोटो, बघा, एक जंतू नाही. सासऱ्यांनी चष्मा लावला. तो पुरेना म्हणून कपाटातलं भिंग आणलं. मेहुणा त्यांच्या खांद्यावरून वाकला.

"बाबा, हे तर वळवळतायत," तो म्हणाला.

मी म्हटलं, ती दोरी आहे, कातडीची, सगळ्यांच्या अंगात असते. सासऱ्यांनी भिंग एका धाग्यावर धरलं, मग दुसऱ्यावर. पट्टे मोजत असावेत. त्यांनी फोटो टेबलावर ठेवून बोटाने लांब सारला.

"जावईबापू, माझ्या अंगात असली जनावरं नाहीत. तुम्ही पुरावा मागायला गेलात आणि तोच घेऊन आलात."

मेहुणा हसला. तो हसला नसता तर पुढचं झालं नसतं, हे मी आजही म्हणतो. मी सासऱ्यांच्या हातातलं भिंग हिसकावून टेबलावर आपटलं. ते फुटलं. मी त्यांना अडाणी म्हटलं, मास्तरकीच्या गप्पा मारू नका म्हटलं, आणखीही बोललो. बोलता बोलता लक्षात आलं की कोणी माझ्या तोंडाकडे बघत नाही. सगळे माझ्या डाव्या हाताकडे बघत होते. त्यातून रक्ताची धार फोटोच्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर पडत होती आणि मला काही लागत नव्हतं.

आतल्या दारात बायको उभी होती, तिच्यामागे मुलगी. बायकोने एक पाऊल पुढे टाकलं. तिच्या आईने तिचा पदर धरला. मी फोटो उचलला आणि निघालो.

त्या वेळी खणात पत्र होतं. दुसऱ्या दिवशी नेता आलं असतं. पण ज्यांनी मला हसून घालवलं त्यांच्या दारात पुन्हा माल घेऊन जायचा? गिऱ्हाईकाने परत यावं, दुकानदाराने नाही. मी थांबलो. गणपती झाले, दिवाळी झाली. घरी एकट्याने जेवायचो, कंदील जवळ ओढून डाव्या हाताची कुसळं उजव्या हाताने काढायचो. उजव्या हाताची तशीच राहायची. माझ्या डाव्या बोटांना पिनेचं टोक कळत नाही.

चार महिन्यांनी पत्र घेऊन गेलो. ह्या वेळी सासऱ्यांनी बाहेरच, पायरीवर वाचलं. दोनदा वाचलं. मग वरची तारीख बघितली.

"हे त्या दिवशी होतं तुमच्याकडे?"

मी होतं म्हटलं. त्यांनी विचारलं, मग दाखवलं का नाहीत? जो पहिला भाव पडला की खिशातून दुसरा काढतो, त्याचे दोन्ही भाव खोटे. हे मीच शंभर व्यापाऱ्यांना तोंडावर सांगितलं आहे. मास्तरांनी पत्र घडी करून मला परत दिलं. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

बायको बाहेर आली. मी तिला म्हटलं, तू तरी वाच. तिने ते उभ्यानेच वाचलं.

"महारोग असेल हे मला केव्हाच वाटलं होतं," ती म्हणाली. "तुमच्या हातात पिन खुपसत होते ती मीच ना? हे शेवटचं वाक्य तुम्ही त्या दिवशी नुसतं मोठ्याने वाचलं असतंत, तर बाबांना न विचारता मी चपला घातल्या असत्या."

"मग आता चल."

"आता कशी येऊ? आता तुम्ही काहीही सांगितलंत तरी मला वाटणार, खणात आणखी एक कागद असेल."

मुलगी खिडकीतून बघत होती. तिने हात हलवला, मीही हलवला. उजवा.

त्यानंतर ती आली नाही. तिच्या वडिलांनी तिला अडवलं, असं मी पुष्कळ वर्षं सांगत आलो. मेहुणा हसला हे खरं आहे. बाईंनी मला दोन कागद द्यायलाच नको होते, हेही मला वाटतं. एकच दिला असता, पत्राचा, तर मी तोच घेऊन गेलो असतो. पण तो एकच दिला असता तर मी घेतला नसता, हेही मला माहीत आहे.

गोळ्या तीन वर्षं घेतल्या. डाग पुसट झाला. डॉक्टरांनी सुट्टी दिली.

बाई पुढे कमी येऊ लागल्या. प्रयोगशाळेला परदेशातून काच मिळायला लागली होती. शेवटच्या आल्या तेव्हा मिठाईवाल्याच्या काचेचा उरलेला तुकडा मी त्यांना असाच दिला. त्यांनी भाव विचारला. मी म्हटलं, नको. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं.

"पत्र दाखवलंत ना त्यांना तेव्हा?"

"दाखवलं," मी म्हटलं.

"मग आल्या दोघी?"

"येतील. मुलीची शाळा आहे कल्याणला, म्हणून अडलंय."

बाईंनी काच पिशवीत घातली. पायरी उतरताना म्हणाल्या, "हात जपा. तुम्हाला कळत नाही, तेव्हा रोज बघत जा."

ते मी करतो. संध्याकाळी दुकानाच्या फळ्या लावायच्या आधी दिव्याखाली डावा हात धरतो, आधी तळवा, मग मागची बाजू, मग बोटांच्या बेचक्या. रक्त असलं तर पुसतो. कुसळ असलं तर पिनेने काढतो. डबी तीच आहे. मग एकदा बघून झालं तरी पुन्हा एकदा बघतो, कारण दुसरं कोणी बघणार नाही.